पंगत आणि रांग : संगणकांच्या संदेशवहनाची कथा

ज्यांच्या कचेरीत अथवा घरी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी पहिला संगणक आला, त्यांना त्याच्या पाठीमागून निघून छपाईयंत्राकडे जाणारी ती केबल अजून आठवत असेल. चांगली जाडजूड; वळवावी म्हटले तर सहजी वळत नसे. एका टोकाला पंचवीस पिना, दुसऱ्या टोकाला छत्तीस संपर्कबिंदूंचा रुंद जबडा, आणि तो निसटू नये म्हणून दोन्ही बाजूंना तारेच्या कड्या. त्या केबलच्या पोटात माहिती वाहून नेणाऱ्या तारा आठ होत्या. बाकीच्या त्यांच्या दिमतीला. आज त्याच कामासाठी वापरली जाणारी यूएसबी केबल सुतळीहून फारशी जाड नसते, आणि तिच्या साध्या प्रकारात माहितीच्या तारा अवघ्या दोन असतात. त्या दोघी मिळूनही एका वेळी एकच चिन्ह नेतात. असे असून नव्या केबलचा वेग त्या पहिल्या जाड केबलच्या शेकडो पट आहे.

रोजच्या व्यवहाराला हे धरून दिसत नाही. शाळेतल्या अंकगणितात आठ नळांनी हौद लवकर भरतो आणि एका नळाने उशिरा. याच्या उलट उत्तर काढणाऱ्या मुलास गुरुजी बाकावर उभे करीत. मग संगणकाच्या बाबतीत हे गणित उलटे का झाले? याचे उत्तर काही विजेच्या स्वभावात आहे, काही पैशाच्या हिशेबात आहे, आणि नवलाची गोष्ट अशी की, तारायंत्राच्या जन्मकाळी हा सारा अनुभव माणसाने एकदा घेतलेला होता.

संगणकाच्या भाषेत चिन्हे दोनच : शून्य आणि एक. यांतील प्रत्येक चिन्हास बिट म्हणतात आणि आठ बिटांच्या जुडीस बाइट. रोमन लिपीतील ए हे अक्षर संगणकाच्या प्रचलित संकेतात ०१०००००१ असे लिहिले जाते. ते एका यंत्राकडून दुसऱ्याकडे धाडावयाचे तर मार्ग दोन आहेत. आठ तारा शेजारी शेजारी ओढाव्या, प्रत्येकीवर एकेक बिट ठेवावा आणि इशारा होताच आठही एकदम सोडावे. हे झाले समांतर प्रेषण. किंवा एकच वाट ठेवावी आणि आठही बिट तिच्यावरून एकामागून एक सोडावे. हे क्रमिक प्रेषण.

समांतर प्रेषण म्हणजे लग्नघरची पंगत. पाने एकदम मांडली जातात, माणसे एकदम बसतात, आणि सारी गोम येथेच आहे की, ती उठतातही एकदम. सात जणांचे हात वाळले असले तरी आठवे आजोबा ताकभात कालवीत असेपर्यंत कोणी उठावयाचे नाही, आणि ही पंगत उठल्याखेरीज दुसरी बसावयाची नाही. क्रमिक प्रेषण म्हणजे देवळातील प्रसादाची रांग. एक जण पुढे आला, हात पसरला, प्रसाद घेतला आणि बाजूला झाला. लगेच त्याच्या मागचा. येथे कोणी कोणासाठी खोळंबत नाही. वाटणाऱ्याचा हात बेताने चालत असेल तर एका बैठकीत अधिक माणसे तृप्त होतात ती पंगतीतच. पण त्या एका हाताला विलक्षण चपळाई आली आणि पंगतीतले आजोबा मात्र होते तसेच राहिले, तर रांग पंगतीला केव्हाच मागे टाकील.

विजेने संदेश धाडण्याचा व्यवहार इंग्लंडात सुरू झाला तो पंगतीनेच. विल्यम कुक आणि चार्ल्स व्हीटस्टन या दोघांनी १८३७ साली ज्या तारायंत्राचे पेटंट घेतले, त्याच्या पाटीवर पाच चुंबकसूच्या एका ओळीत बसविल्या होत्या. प्रत्येक अक्षरासाठी त्यांपैकी दोन सूच्या कलत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. त्या दोघींच्या रोखाच्या रेषा जेथे मिळत तेथे ते अक्षर रंगविलेले असे. यंत्रावर बसणाऱ्यास काही शिकावे लागत नसे. ज्यास वाचता येई त्यास संदेश उतरवून घेता येई, ही या योजनेची मोठी सोय. पाच सूच्यांतून दोन-दोनच्या जोड्या होतात दहा, आणि प्रत्येक जोडी दोन तऱ्हांनी कलणार. म्हणजे अक्षरे वीस. इंग्रजीची उरलेली सहा अक्षरे सरळ गाळण्यात आली. सी गेले, यू गेले, क्यू गेले. शुद्धलेखनाच्या अभिमान्यांना हा घाव सोसवला कसा, कोण जाणे. पण यंत्रापुढे व्याकरण चालत नाही याचा हा पहिला दाखला म्हणावयास हरकत नाही.

१८३९ साली लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकापासून वेस्ट ड्रेटनपर्यंत, ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कडेने, सुमारे १३ मैलांवर ही यंत्रणा चालू झाली. तारांना सुताचे आवरण देऊन त्या लोखंडी नळीतून नेल्या होत्या. काही काळाने आवरण खराब होत गेले आणि एकेक तार दगा देऊ लागली. पंगतीचा दुसरा दोष येथे उघड झाला. पाचांपैकी एका सूचीची तार गेली की तिच्या चारही जोड्या मोडल्या, म्हणजे विसांपैकी आठ अक्षरे एकदम मुकी झाली. बिनतक्रार चालणाऱ्या चार तारांचाही काही उपयोग एका मेलेल्या तारेमुळे वाया जावा, असा हा प्रकार. तेव्हा यंत्रावरील माणसांनी उरलेल्या सूच्यांवर भागविण्याची युक्ती काढली. एकच सूची दोनदा, तीनदा हलवून अक्षरे ठरविली, आणि हा संकेत शिकण्यास वाटला होता तितका अवघड नाही असे दिसून आले. पुढे कुक आणि व्हीटस्टन यांनीच पाचाऐवजी दोन सूच्यांचे आणि नंतर एका सूचीचे यंत्र प्रचारात आणले. तिकडे अमेरिकेत सॅम्युएल मोर्स याने १८४४ साली वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या शहरांमध्ये जी तार चालू केली, ती आरंभापासूनच ठिपके आणि रेघा एकामागून एक धाडणारी होती.

दोन सूच्यांच्या त्या यंत्राची एक हकीकत इंग्लंडात अजून सांगितली जाते. १ जानेवारी १८४५ रोजी स्लाऊ गावाजवळ एका स्त्रीचा विष देऊन खून झाला आणि संशयित इसम लंडनची गाडी पकडून निसटला. गाडीच्या आधी बातमी पोहोचविण्याचे साधन तोवर कोणाजवळ नव्हते. या वेळी होते. स्लाऊच्या स्थानकावरून पॅडिंग्टनला त्याचे वर्णन तारेने गेले. तो क्वेकर पंथीयांच्या वेषात होता. पण यंत्राच्या वर्णमालेत क्यू हे अक्षरच नव्हते. म्हणून धाडणाऱ्याने तो शब्द के, डब्ल्यू, ए असा लिहावयास घेतला. पलीकडचा माणूस बुचकळ्यात पडला, त्याने शब्द पुन्हा पुन्हा मागविला, आणि शेवटी तो पुरता लिहून घेतल्यावर अर्थ उमगला. जॉन टॉवेल हा तो इसम गाडीतून उतरताच पोलिसांच्या पाळतीखाली आला, दुसऱ्या दिवशी पकडला गेला आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात फाशी गेला. पाच सूच्यांच्या जागी दोन आल्या म्हणून संदेश रखडला नाही. जी अडचण आली ती गाळलेल्या अक्षराची होती.

समांतर आणि क्रमिक यांची खरी सांगड घातली ती एमिल बोदो या फ्रेंच तारमास्तराने. १८७४ साली त्याने पेटंट घेतलेल्या यंत्रात प्रत्येक अक्षर पाच खुणांचे होते. यंत्रापुढे बसलेला माणूस पाच पट्ट्या बोटांनी एकदम दाबी, हार्मोनियमवर स्वरमेळ धरावा तशा. हाताखाली पंगत होती. तारेवर मात्र पाच खुणा एकदम जात नसत. एक फिरता हात त्या पाच पट्ट्यांवरून क्रमाने जाई आणि दाबलेली कोणती, न दाबलेली कोणती, ते एकेक करून तारेवर सोडी. पलीकडच्या टोकाला तसाच दुसरा हात, पहिल्याशी वेग जुळवून फिरणारा, त्या खुणा पुन्हा पाच जागी मांडी. तोच फिरता हात आळीपाळीने अनेक माणसांच्या पट्ट्यांवरून जाई, त्यामुळे एकाच तारेवर कित्येकांचे काम चाले. माणसाने सर्व एकदम द्यावे, तारेने ते एकेक करून न्यावे आणि पलीकडे पुन्हा एकत्र करून ठेवावे, हे जे त्याने पितळेच्या चक्राने साधले तेच आज यूएसबीच्या टोकाशी सिलिकॉनची चकती करीत असते. संदेशवहनाचा वेग मोजण्याचे बॉड हे परिमाण त्याच्याच नावावरून पडले आहे.

हिंदुस्थानातही तार ओढली गेली तेव्हा हाच हिशेब होता. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर हा पहिला टप्पा झाला. १८५४ साली कलकत्ता आग्र्यास आणि आग्रा, इंदूरवरून, मुंबईस जोडले गेले. शेकडो मैलांच्या जंगलातून आणि नदीनाल्यांवरून एका तारेच्या जागी पाच ओढावयाच्या तर त्या खर्चात राज्य बुडाले असते. अंतर जेथे लांब तेथे रांग, हा नियम तेव्हापासून पक्का झाला. पुढे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत दिवसरात्र खडखडणारे दूरमुद्रक बातम्या घेत ते रांगेनेच. १४ जुलै २०१३ रोजी आपल्या देशातील सार्वजनिक तारसेवा कायमची बंद झाली, तोवर तिने या एकाच पद्धतीवर दीडशेहून अधिक वर्षे काढली होती.

संगणकांनी आरंभी हा वारसा जसाच्या तसा उचलला. १९६० साली अमेरिकेत आरएस-२३२ या नावाने क्रमिक जोडणीचा एक मानक ठरला. त्यात प्रत्येक अक्षराच्या आधी एक प्रारंभाचा बिट आणि अखेरीस एक समाप्तीचा बिट. मध्ये अक्षराचे आठ. या जोडणीवर सेकंदाला ९६०० बिट हा वेग पुढे रुळला. म्हणजे दहा बिटांस एक अक्षर या दराने सेकंदाला ९६० अक्षरे. टंकलेखन करणाऱ्याच्या मानाने हे अफाट. परंतु यंत्राला यंत्राशी बोलावयाचे असले म्हणजे हा वेग अगदीच तुटपुंजा, आणि टेबलावरच्या टेबलावर चार-सहा फुटांसाठी रांगेत तिष्ठत का राहावे, असा विचार साहजिकच पुढे आला.

त्यातून १९७० साली सेंट्रॉनिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीच्या छपाईयंत्राबरोबर ती आठ तारांची जोडणी आली. तिच्या रुंद जबड्याची कथा मोठी व्यवहारी आहे. जोडणीस वस्तुतः एकवीसच पिना लागत होत्या. परंतु वांग या गणकयंत्रांच्या कारखान्यात छत्तीस पिनांचे वीस हजार जोड शिल्लक पडून होते; ते वापरून टाकावे, असे ठरले आणि उरलेल्या पिना नुसत्या जमिनीशी जोडून किंवा मोकळ्या ठेवून दिल्या. गोदामातला माल खपविण्यासाठी घेतलेला हा निर्णय पुढे तीस वर्षे जगभरच्या छपाईयंत्रांच्या पाठीवर कोरला गेला. १९८१ साली आयबीएमने आपल्या लहान संगणकासाठी संगणकाकडील टोक पंचवीस पिनांवर आणले, तरी छपाईयंत्राकडचा जबडा तोच राहिला.

तारायंत्राने शिकविलेला धडा हे अभियंते विसरले, असे येथे कोणी म्हणेल. तो आरोप अन्यायाचा आहे. १९७० साली तांब्याच्या तारा स्वस्त होत्या आणि ट्रान्झिस्टर महाग. आठ तारांचे काम एका तारेवर आणावयाचे तर टोकाशी आठपट चपळ मंडल बसवावे लागे, आणि आठपट चपळ मंडल म्हणजे कित्येक पट किंमत. तेव्हा सात तारा जास्त ओढणे हाच शहाणपणाचा सौदा होता. पुढे सिलिकॉनच्या एकेका चकतीवर हजारो, लाखो आणि मग कोट्यवधी ट्रान्झिस्टर मावू लागले आणि सौद्याची बाजू उलटली. मंडल जवळजवळ फुकट झाले. तांबे, पिना आणि त्या पिनांना बसविण्याची जागा महाग ठरली.

नुसत्या किमतीनेच पंगत मोडली असती असे नाही. संगणकाच्या आतील भाग एकमेकांना जोडणारा पीसीआय हा समांतर मार्ग १९९२ साली आला; त्यावर बत्तीस तारांवरून सेकंदाला तीन कोटी तीस लाख वेळा माहितीची जुडी सुटे. दोन जुड्यांमध्ये अंतर तीस नॅनोसेकंदांचे. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. एवढ्या अवधीत तारेवरील विजेचा इशारा सुमारे वीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर जातो. तीस नॅनोसेकंदांच्या सवडीत एक तार दुसरीहून बोटभर लांब असली तरी बिघडत नाही. आजोबांना जेवण्यास पुरेसा वेळ मिळतो. पण वेग तीसपट करावा, जुड्या नॅनोसेकंदाला एक या गतीने सुटाव्या, म्हणजे बोटभर लांबीचा फरकही डोईजड होतो. एका तारेवरचा बिट वेळेवर पोहोचतो, शेजारणीवरचा किंचित मागे राहतो, आणि पलीकडचे यंत्र इशाऱ्यासरशी आठही तारा वाचते तेव्हा एकीवर अजून मागल्याच पंगतीचा पाहुणा बसलेला असतो.

याचा परिणाम किती व्हावा? संगणकाच्या संकेतात १ हा अंक ००११०००१ आणि ९ हा अंक ००१११००१ असा लिहितात. दोहोंत फरक एका बिटाचा. तेवढा एक बिट मागेपुढे झाला की एक हजार रुपयांच्या नोंदीचे नऊ हजार होतात. आणि यंत्राला त्यात वावगे काही दिसत नाही, कारण नऊ हजार हीदेखील सरळ रक्कम आहे. म्हणूनच जुडीबरोबर पडताळ्याचे काही बिट जादा धाडण्याची रीत आहे. त्यावरून चूक झाल्याचे बहुधा कळते. पण चूक कळली की सारी जुडी पुन्हा मागवावी लागते, आणि वेग वाढवून जे कमावले ते पुन्हा मागविण्यात खर्ची पडते.

दुसरी अडचण शेजाराची. जुन्या ट्रंककॉलच्या दिवसांत बोलता बोलता मध्येच तिसऱ्याच कोणाचा तरी संवाद ऐकू येई, तो अनुभव पुष्कळांना असेल. तारेतून बदलती वीज वाहू लागली की शेजारच्या तारेत तिचे पडसाद उमटतात, आणि बदल जितका झपाट्याचा तितका पडसाद मोठा. संगणकाच्या तबकडीस जोडणारी चपटी पट्टी बहुतेकांनी पाहिली असेल. तिच्यात चाळीस तारा असत आणि तिची लांबी सुमारे सेहेचाळीस सेंटिमीटरांपुढे न्यावयाची नाही, असे बंधन होते. वेग सेकंदाला सहासष्ट मेगाबाइटपर्यंत नेण्याचे ठरले तेव्हा त्याच रुंदीच्या पट्टीत तारा ऐंशी करण्यात आल्या. वाढलेल्या चाळीस तारा माहितीचा एक कणही वाहत नव्हत्या. बोलणाऱ्या दोघींच्या मधोमध एक मुकी तार भिंतीसारखी उभी करावी, एवढ्याचसाठी त्या होत्या. निम्मे मनुष्यबळ नुसते गप्प बसण्यासाठी नेमावे लागते तेव्हा त्या कारखान्याचे दिवस भरत आले, असे समजण्यास हरकत नसावी. ती पट्टी १३३ मेगाबाइटपर्यंत पोहोचली आणि तेथेच तिचा प्रवास संपला. २००३ सालापासून तिची जागा घेणारी सीरियल एटीए ही जोडणी सात संपर्कबिंदूंची, पहिल्याच पावलाला दीडशे मेगाबाइटची, आणि केबल मीटरभर लांब नेता येणारी अशी होती.

रांगेच्या अंगी हे बळ कोठून आले, ते पाहण्याजोगे आहे. तिच्यात माहितीची वाट एकच असली तरी तारा असतात दोन. एकीवर वीज चढली की दुसरीवर ती उतरते. पलीकडचे यंत्र दोघींतील फरक तेवढा वाचते. बाहेरचा गोंगाट आला तर तो दोघींवर सारखाच येतो, आणि फरक काढताना आपोआप वजा होतो. यामुळे अगदी क्षीण इशाऱ्यावर भागते, आणि क्षीण इशारा झटपट बदलता येतो.

दुसरी युक्ती तालाची. समांतर पद्धतीत बिट केव्हा वाचावे हे सांगण्यासाठी वेगळी तार असते. वेगवान रांगेत तशी तार नसते. बिटांच्या चढउतारावरूनच ऐकणाऱ्या यंत्राने ताल ओळखावयाचा. पण ओळीने पुष्कळ शून्ये आली, तार स्तब्ध राहिली, तर किती शून्ये गेली हे मोजावे कशावरून? भजनात टाळ क्षणभर थांबले की नवख्याची लय चुकते, तसेच हे. यासाठी १९८३ साली आयबीएममधील विडमर आणि फ्रानाशेक या दोघांनी एक संकेत प्रसिद्ध केला. दर आठ बिटांच्या जागी दहा बिटांची अशी जुडी धाडावयाची, की एकच चिन्ह ओळीने पाचांहून अधिक वेळा कधी येऊच नये. पाचवा हिस्सा तारेचा तालासाठी खर्चिला जातो, पण ताल सुटत नाही. यूएसबीच्या आरंभीच्या पिढ्यांनी याहून काटकसरीची रीत पत्करली : ओळीने सहा वेळा एक आला की सातवे शून्य पदरचे घालावयाचे, आणि ऐकणाऱ्याने ते काढून टाकावयाचे.

यूएसबी या नावातील मधले अक्षर सीरियल, म्हणजे क्रमिक, या शब्दाचे आहे. या जोडणीचा पहिला मानक जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या निर्मात्यांत अग्रभागी असलेले इंटेल कंपनीतील अभियंते अजय भट्ट हे वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. ज्या विद्याशाखेत तेथे अभियांत्रिकी शिकविली जाते तिचे मूळ सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली उघडलेल्या कलाभवनात आहे. भट्ट यांनी अनेकदा सांगितल्याप्रमाणे, घरात छपाईयंत्र संगणकाला जोडताना आपल्याच माणसांची होणारी तारांबळ पाहून त्यांना ही कल्पना सुचली. त्या काळी छपाईयंत्राचे तोंड निराळे, कळफलकाचे निराळे, उंदराचे निराळे. नवे यंत्र जोडावयाचे तर कधी संगणकाचे झाकण उघडून आत नवी पाटी बसवावी लागे. या सर्वांऐवजी चार तारांचे एकच तोंड करावे, दोन तारा विजेसाठी आणि दोन माहितीसाठी, असा हा बेत. सात कंपन्या त्यात सामील झाल्या. २०१३ साली भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना युरोपियन पेटंट कार्यालयाचे संशोधक पारितोषिक मिळाले.

पहिल्या यूएसबीचा वेग सेकंदाला बाराच मेगाबिट होता, आणि १९९४ साली सुधारून बांधलेल्या आठ तारांच्या जोडणीपुढे तो काही मोठा नव्हता. तिने आरंभी मैदान मारले ते सोयीच्या बळावर. वेग मागाहून आला : २००० साली ४८० मेगाबिट, २००८ साली पाच हजार. एक तक्रार मात्र वीस वर्षे टिकली. ते चपटे टोक प्रथम लावले तर बसत नाही, उलटे केले तरी बसत नाही, आणि पुन्हा पहिल्यासारखे धरले की बसते, असा अनुभव कोणास आला नसेल? दोन्ही बाजूंनी बसणारे टोक करावयाचे तर तारा आणि मंडले वाढली असती आणि स्वस्ताईचा सारा बेत फसला असता, असे भट्ट यांनीच पुढे सांगितले आहे. तसे टोक अखेर २०१४ साली आले.

आता कोणी विचारील, एकाच रांगेने भागले नाही तर काय करावे? पंगतीकडे परतावे काय? संगणकाच्या अंतर्भागात २००३ साली पीसीआयची जागा घेणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसने याचे उत्तर दिले. तिच्यात सोळापर्यंत वाटा शेजारी शेजारी असतात; पण ती सोळा पानांची पंगत नव्हे, सोळा स्वतंत्र रांगा आहेत. प्रत्येक वाटेचा ताल तिच्यातच गुंफलेला. एखादी किंचित मागे राहिली तरी बाकीच्यांस खोळंबावे लागत नाही. पलीकडच्या टोकाला आधी आलेले बिट क्षणभर धरून ठेवले जातात आणि खुणेच्या चिन्हावरून सर्व रांगांची जुळणी होते. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचतंतूंतही हेच तत्त्व निराळ्या रूपाने दिसते. एकाच तंतूत प्रकाशाच्या कित्येक वेगवेगळ्या तरंगलांबींच्या रांगा एकमेकींना न अडविता धावत असतात.

म्हणून समांतर पद्धत कालबाह्य झाली, असे जे सर्रास लिहिले जाते ते मात्र खरे नाही. संगणकाची मूळ पाटी उघडून पाहिली तर प्रोसेसर आणि स्मृतिफलक यांच्यामध्ये तांब्याच्या बारीक रेघांचा एक दाट पट्टा दिसतो, आणि त्यातील काही रेघा विनाकारण नागमोडी वळणे घेत गेल्यासारख्या वाटतात. ते कारण पंगतीचेच आहे. स्मृतीशी बोलण्यासाठी चौसष्ट वाटा अजून समांतर चालतात, आणि ज्या रेघेचा मार्ग जवळचा तिला मुद्दाम वळणे देऊन लांब केलेले असते, की सर्वांनी एका वेळी पोहोचावे. धाकट्यांना चार घास सावकाश खावयास लावून आजोबांची सोबत करावयास शिकविणे, असे या कारागिरीचे वर्णन करता येईल.

अंतर आणखी कमी झाले की पंगत आणखी रुंद होते. २०१३ साली एका नव्या स्मृतीचा मानक ठरला. तिच्यात स्मृतीच्या चकत्या एकीवर एक रचून प्रोसेसरच्या शेजारी, काही मिलिमीटरांवर, बसवितात. प्रत्येक चळतीतून निघणाऱ्या माहितीच्या तारा १०२४. त्यांतील एकेकीचा वेग यूएसबीच्या वेगवान तारेपुढे आरंभी कमीच होता. पण एवढ्याशा अंतरावर कोणी मागे राहण्यास जागाच नाही, आणि हजारभर मिळून जे नेतात ते कोणत्याही एका रांगेला साधणारे नाही. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची अवजड गणिते ज्या यंत्रांवर चालतात त्यांच्या पोटात हीच स्मृती असते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या चौथ्या पिढीच्या मानकात पाने दुप्पट मांडली आहेत : २०४८.